नार्थेक्समधली आई

आमच्या चर्चमध्ये एक खोली होती, तिला नार्थेक्स म्हणत. म्हणजे म्हणत एकटे पाळकसाहेब. आम्ही बायापोरं तिला भाईरची खोली म्हणायचो. रस्त्याकडचं मोठं दार उघडलं की आधी ही खोली, मग आतलं दार, अन् मग खरं चर्च. खोली अरुंद. दोन्ही भिंतींना दगडी बाक, कोपऱ्यात घंटेचा दोर. आजीला, म्हणजे माझ्या आईच्या आईला, ते नाव ऐकलं की हसू यायचं. "नाव पाहा केवढं," ती म्हणायची, "अन् काम काय, तं चपला सांभाळाचं."

चपलांशिवाय आणखीही काम होतं बरं. बाप्तिस्मा न झालेले तिथे बसत. अन् मंडळीनं ज्यांचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या नावानं वाटतात ती भाकर अन् द्राक्षारस, बंद केलं, तेही तिथेच. पाळकसाहेब सांगायचे, फार जुन्या काळापासून या खोलीचा अर्थच तो: अजून आत न आलेल्यांची अन् आतून काढलेल्यांची जागा.

माझी आई त्यातल्या कशात मोडायची, ते मला अजून सांगता येत नाही.

आई ख्रिस्ती घरची, बाबा नव्हते. तेव्हा आमच्यात सोयरीक जात पाहून व्हायची, धर्माचं मागून पाहू म्हणायचे. छप्पन साली बाबा नागपूरला दीक्षेला निघाले, तर आईही पांढरं लुगडं नेसून सोबत गेली. परत आली अन् पुढच्या रविवारी नेहमीसारखी चर्चला गेली. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. नवऱ्यासोबत उभं राहणं वेगळं, येशूजवळ बसणं वेगळं. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही. "चुकलं म्हणून सगळ्यांसमोर सांग," ते म्हणाले. आई म्हणाली, "चुकलं असतं तं सांगतलं असतं." त्या दिवसापासून तिला बाहेरची खोली.

बाबांना ते फार लागलं. "अवं, देवळाच्या पायरीवरून हाकललेले लोक आपण. आता येथंही भाईरच? कायले जातं तू?" आई भाकरी थापत राहायची.

अशी वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात आजी वारली.

त्या दिवशी सकाळपासून आमच्या घरी एकच घोर होता. आईला तिच्या मायजवळ बसायला मिळेल की नाही? बाबा आमच्यासोबत चर्चपर्यंत आले अन् समोरच्या लिंबाखाली उभे राहिले.

मयताची पेटी आधी त्या खोलीतच टेकवायची रीत. तिथे पाळकसाहेब वचन वाचत, मग ती आत नेत. आई पेटीला हात लावून खालीच बसलेली. वाचन झालं. पाळकसाहेब वाकून हळूच म्हणाले, "आजच्या दिवस आत ये पोरी. कोणी काही म्हणणार नाही."

"अन् रविवारी?"

त्यांनी पुस्तक मिटलं.

मामा, आईचा धाकटा भाऊ, रडत रडतच भडकला. "बाई, आजही हट्ट करून राह्यली का तू? माय चालली आपली!"

"मायले येथूनच नेतीन न? दुसरं दार कुठं हाये? मी येथंच भेटीन तिले. तू जाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बस जाय बुढीपाशी. एकटी नोको ठेवू."

माझा तर बाप्तिस्माही झाला नव्हता. पण पोरीला कोण अडवतं? पेटी आत नेली, मी मागोमाग जाऊन तिला टेकून बसले. गीत सुरू झालं अन् दारावरच्या म्हाताऱ्यानं आतलं दार ओढून घेतलं. मुद्दाम नाही हो. गीत सुरू झालं की दार लावायचं, ही त्याच्या हाताची सवय. मी मागे पाहिलं तर नुसत्या फळ्या. अन् फळ्यांच्या पलीकडून आईचा आवाज, तेच गीत, आमच्याहून एक ओळ मागे. काही बाया गाता गाता थांबल्या. दार उघडायला कोणी उठलं नाही.

उपासना संपली, पेटी बाहेर आणली. आई उठली नव्हती. कोणी न सांगताच मामानं अन् बाकीच्यांनी पेटी तिच्यापुढे खाली ठेवली. झाकण अजून ठोकलं नव्हतं. आईनं ते सरकवलं, आजीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, तोंडावरून हात फिरवला अन् कानाशी वाकून काहीतरी सांगत राहिली. खोली एवढी अरुंद, की तिला ओलांडल्याशिवाय कोणाला बाहेर पडता येईना. सगळी मंडळी आत दाराशी दाटून उभी, चपला आईच्या पाठीमागे. पाळकसाहेब उभे, वडीलधारे उभे. कोणीतरी खाकरलं. आईनं मान वर केली नाही. मोठ्या दारातून बाबा पाहत होते.

तिचं सांगून झालं तेव्हा ती उठली.

पुढच्या रविवारी आई पुन्हा त्याच दगडी बाकावर जाऊन बसली. बाबांनी मात्र त्यानंतर कधी "कायले जातं" विचारलं नाही.