चौथी रेघ

जानेवारीतला सोमवार. गंजीतला जळका कापूस वेगळा काढायचं काम.

वणीजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीत उष्णता मोजणारी सळई आहे. ती बसवणारा माणूस कॉम्प्युटरवर सळईचा, फोनचा असे चौकोन मांडतो आणि रेघांनी जोडतो. रेघ जाईल तिथे सळईची नोंद पोचते. ऑफिसात, मालकांच्या फोनवर, माझ्या फोनवर. कुठलीही अडचण सांगा, तो सुपारी कातरत म्हणतो, "एक रेघ वाढवून देतो ना ताई." 'सगळं ठीक' हेसुद्धा दिवसभर तिन्हीकडे येतं, म्हणून कोणीच वाचत नाही.

रविवारी गंजी आतून धुमसली. दुसऱ्याने नोंद पाहिली असेल, असं प्रत्येकाला वाटलं. धूर दिसला तेव्हा पाणी मारलं.

सोमवारी त्याने नोंदी उघडल्या आणि खूश झाला. "पहा ना ताई, तिन्ही जागी बरोबर पोचली."

"मंग कापूस काहून जळला?"

त्याने जरा विचार केला आणि चौथी रेघ ओढली, स्वतःच्या फोनला. "आता मीबी पाहून राह्यलो."

मंगळवारी सकाळी मी सळई उपसून गरम चहात बुडवली. चहा निवला तरी त्याचा फोन आला नाही. मग त्याला बोलावून चारही रेघा पुसायला लावल्या आणि एकच जोडून घेतली, फक्त तापल्याची, फाटकावरच्या भोंग्याला.