दासू गावितचं अक्षर

१९३५ साली मी आणि दासू गावित तालुक्याच्या कचेरीत एकाच दिवशी उमेदवार म्हणून लागलो. उमेदवाराने बिनपगारी काम शिकायचं आणि जागा निघायची वाट पाहायची. मी इद्रिस, नंदुरबारच्या रंगाऱ्याचा मुलगा. दासू विसरवाडीकडच्या एका पाड्यावरचा. तिथे सातवी पास झालेला तो पहिलाच. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं.

अव्वल कारकून माझ्या चाचांच्या ओळखीचे. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात अर्जांच्या नकला करायला बसवलं. दासूकडे दौती धुणं आणि दप्तरं झटकणं आलं.

"रावसाहेब, मी लिहू का?" तो सुरुवातीला विचारायचा.

"तुला जमायचं नाही रे," ते म्हणायचे. त्यात राग नसायचा. हळूहळू दासूने विचारणंच सोडलं.

दीड वर्षाने एक जागा निघाली. मामलेदार साहेबांनी दोघांना समोर बसवून मजकूर सांगायला सुरुवात केली. दासूने दोन ओळी लिहिल्या आणि टाक खाली ठेवला.

"साहेब, मला नाही जमायचं," तो म्हणाला.

त्या दोन ओळींत एकही चूक नव्हती. मी शेजारून पाहत होतो, तरी गप्प बसलो. जागा मला मिळाली.

सात वर्षांनी पंचनाम्यासाठी त्याच्या पाड्यावर गेलो. पंचांत दासूही होता. सहीसाठी त्याच्यापुढे टाक केला, तर त्याची बायको धनीबाई म्हणाली, "त्यांना लिहिता येत नाही, साहेब."

दासूने माझ्याकडे न पाहता अंगठा शाईत बुडवला. त्याखाली 'निशाणी अंगठा' हे शब्द मी लिहिले.