पट्टी कुणी बांधली

कुणी हात पुढं केला की साहेब तो हातात घ्यायचे आणि अंगठ्यानं दाबून बघायचे. रामराम, ख्यालीखुशाली सगळं त्यानंतर. "आत काय हाय ते बघितल्याबिगर आपण बोलत न्हाय," असं म्हणायचे. आमच्या तेर गावात त्यांना सगळे साहेबच म्हणत. आयुष्यभर त्यांनी घरोघरी फिरून विजेची मीटरं तपासली होती, आणि निवृत्त झाल्यावर रोज सकाळी एका जुन्या गोदामात पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायला लागले होते.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ह्यांचं प्रकरण जरा पुढचं होतं. टपरीवर चहा आला की ते कप उचलून खालची बशी बघत. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर भाषणं चालू असतानाच ह्यांनी ते उलटं करून मागचं झाकण काढलं. आत सेल नव्हता. "बघा," ते सगळ्यांना दाखवून म्हणाले आणि खाली बसले. निरोप समारंभात त्यांचं भाषण एवढंच झालं.

मी इथल्याच शाळेत क्लार्क. आमच्या घराण्यात मेंढरं राखायचं काम. पगार आणणारा मी पहिलाच, त्यामुळं कुणी फुकट काही देतंय म्हटलं की मला आधी शंका येते. माझी रेणू सतरा वर्षांची असताना त्या गोदामात जायला लागली. साहेब फी घेत नाहीत, असं तिनं सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. साठीचा माणूस, दुसऱ्यांच्या पोरी, आणि तेही फुकट. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गोदामाच्या पायरीवर जाऊन बसलो.

मला वाटलं, रागावतील. ते बाहेर आले, माझा हात दाबून बघितला आणि खूश झाले. "बसा भाऊसाहेब, रोज येऊन बसा. बाकीच्या बापांनीबी बसाय पायजे." शाळेच्या क्लार्कला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात. मग त्यांनी चहा मागवला. तो त्यांनी निरखून बघितला, मीही बघितला, आणि मग आम्ही दोघं प्यायलो.

दीड वर्ष मी त्या पायरीवर बसलो. काही सापडेना. सापडत नाही म्हटल्यावर माणूस निवांत होतो, माझा संशय उलट वाढला. एकदा तर मी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एका माणसाला गाठून चौकशी केली. तो माझ्याकडं बघून हसला. साहेबांची चौकशी करत फिरणारा माणूस साहेबांसारखाच असणार, असं त्याचं म्हणणं पडलं.

बॉक्सिंगमध्ये ग्लोव्ह्जच्या आत हाताला कापडी पट्टी गुंडाळतात, मनगटापासून पार बोटांच्या पेरांपर्यंत. साहेब प्रत्येकाची पट्टी स्वतः बांधत आणि दाबून बघत. स्पर्धेला गेले की समोरच्या पोरांचे हातही दाबून बघायला मागत. पंच वैतागून जायचे. पण ह्याचा एक परिणाम असा झाला होता की साहेबांच्या पोरांचे हात कुणीच तपासत नसे. "साहेबांचं पोरगं हाय," एवढं म्हणून पंच पट्टीवर सही करून मोकळे होत.

एवढा संशय कशापायी, ते मी एकदा विचारलं. नोकरीच्या सुरुवातीला ते स्वतः लढायचे. एका अंतिम लढतीत समोरच्याचा ठोसा कानशिलावर बसला आणि ते आडवे झाले. तो ठोसा त्यांना वेगळाच वाटला. पट्टीत काहीतरी टणक होतं, असं ते पंचांना सांगत राहिले, पण पंचांनी ती सोडून बघितलीच नाही.

"हरल्याचं काय न्हाय ओ," ते म्हणाले. "पण म्या हरलो का न्हाय, हेच मला आजवर कळंना. घरात, हापिसात, गावात आपण किती पाण्यात हाय ते कळत न्हाय. सगळी गोड बोलत्यात. त्या दोरीच्या आत तरी कळाय पायजे का न्हाय?"

मला ते पटलं. पायरी मात्र मी सोडली नाही.

रेणू चांगली तयार झाली. विभागाची निवड स्पर्धा धाराशिवला होती, आणि तिच्या वजनगटात जी अंतिम लढत जिंकेल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. रेणूला दुसरं काही सुचत नव्हतं. आधीच्या रविवारी मी तिला सोनारीला नेलं. तिथला काळभैरव आमचं कुलदैवत. दर्शन झाल्यावर मी तिच्या उजव्या मनगटाला काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत बांधला. अंगावर धातूचं काही चालत नाही, लढतीआधी हा काढावा लागेल, असं ती परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाली.

लढतीच्या दिवशी मी समोरच्या मुलीच्या मामाला एका पंचाबरोबर चहा पिताना बघितलं. झालं, माझं डोकं फिरलं. तिकडं साहेब ग्लोव्ह्जच्या टेबलाशी अडकले होते. एका ग्लोव्हमधला भराव बाजूला सरकलाय, म्हणून त्यांचा वाद चालला होता. तेवढ्यात रेणूचं नाव पुकारलं. साहेबांनी तिथूनच मला पट्टी बांधायला सांगितलं. दीड वर्ष रोज बघून मला ती छान बांधता येत होती.

रेणू ताईत काढायला लागली. मी तिचा हात धरला. त्यांनी पंच फोडलेत, आपला देव तरी बरोबर असू दे, आत कुणाला दिसतंय, असं काहीबाही मी तिला सांगितलं. तिचं तोंड उतरलं, पण ती बापापुढं कधी बोलत नसे. मी ताईत हाताच्या पाठीवर सरकवला आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळली.

साहेब धावत आले. त्यांनी रेणूचा हात हातात घेतला. आता अंगठा दाबणार आणि सगळं बाहेर येणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुमी बांधलीय न्हवं? मग झालं."

आणि हात सोडला. पंचांनी न बघता सही केली.

रेणू जिंकली. तिन्ही फेऱ्या तिच्या. ओरडून ओरडून माझा घसा बसला. कोपऱ्यात साहेबांनी तिचे ग्लोव्ह्ज काढले, पट्टी सोडवायला घेतली, आणि दोरा तुटून ताईत त्यांच्या तळहातावर पडला. बघितलं ते आम्ही तिघांनीच. मी डोळ्यांनी खुणावलं की खिशात टाका. ते सरळ पंचांच्या टेबलाकडं चालायला लागले. मी आणि रेणू मागं पळालो.

मुख्य पंच म्हातारे गृहस्थ होते. साहेबांना वीस वर्षं ओळखत होते. कुणी बघितलं नाही, राहू द्या, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"म्या बघितलं न्हवं," साहेब म्हणाले.

पंचांनी विचारलं, पट्टी कुणी बांधली होती? साहेबांनी माझ्याकडं नजरसुद्धा वळवली नाही.

"म्याच बांधली."

निकाल फिरला. राज्याच्या स्पर्धेला दुसरी मुलगी गेली. साहेबांना वर्षभर कोपऱ्यात उभं राहायला मनाई झाली, आणि तसा कागद त्यांच्या नावानं निघाला.

परतताना एसटीत ते माझ्या शेजारी बसले. रेणू पुढच्या सीटवर. मला लाजही वाटत होती आणि रागही आला होता, आणि अशा वेळी माणूस वाकडंच बोलतो. खरं सांगायची एवढी हौस होती तर माझं नाव का नाही घेतलं, असं मी त्यांना विचारलं.

"पोरगी तितंच उभी हुती," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताईत लागला का न्हाय लागला ते देवाला ठावं. पण आपण जिंकलो का न्हाय हे आता तिला कदी कळायचं न्हाय. तिला पुन्यांदा लढाय पायजे."

मी तिथंच त्यांची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

त्या वर्षी साहेबांच्या पोरांचे हात दोन-दोनदा तपासले जाऊ लागले. दुसऱ्यांवर संशय घेत फिरणारा स्वतःच तसला निघाला, असं लोक बोलायचे. एकदा टपरीवर कुणीतरी हे त्यांच्या तोंडावर ऐकवलं. ते चहा पीत राहिले. मी शेजारच्या बाकावर होतो आणि तोंड उघडलं नाही. नोकरी होती, गावातलं नाव होतं, पोरीचं पुढचं सगळं होतं. कारणं काढायला मी कमी पडलो नाही. घरी रेणूनं मला परत कधी पट्टीला हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा अंतिम लढतीत उतरली आणि जिंकली. साहेब मनाईमुळं पार मागं, प्रेक्षकांत बसले होते. तिनं गर्दीत त्यांना शोधून काढलं. कळलं का, असं त्यांनी लांबूनच हातानं विचारलं. तिनं मान डोलावली आणि मग ती रडायला लागली.

यंदाच्या उन्हाळ्यात साहेब गेले. झोपेतच गेले. शोकसभा गोदामातच ठेवली होती. ते म्हातारे पंच धाराशिवहून आले होते आणि बोललेही मनापासून. माणूस खरा होता, म्हणाले. आयुष्यात हातून एकदाच चूक झाली, आणि तीही त्यांनी लपवली नाही. लोकांनी माना हलवल्या. रेणू माझ्याकडं बघत होती.

मी उठलो. "ती पट्टी साहेबांनी बांधली नव्हती," मी म्हणालो. "म्या बांधली हुती. ताईतबी म्याच ठिवला. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या मागं वळल्या.

"त्या ताईतावरनं म्या त्येंला वर्षभर लई बोलले," त्या म्हणाल्या. "मलाबी त्येंनी सोताच बांधली म्हणून सांगितलं हुतं, भाऊसाहेब."