मागच्या जिन्याची कुसुम

कुसुम गेल्याची बातमी मला दादरला कळली. भाचीच्या बारशाला गेले होते. कुसुमच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या शेजारच्या अण्णांनी धाडलेला माणूस चपला न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, वहिनींच्या छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं. मी अंधेरीला पोचले तोवर तिला खाली न्यायची वेळ झाली होती. आमच्या इमारतीचा पुढचा जिना लाकडी, अरुंद आणि मध्येच वळणारा. तिरडी काही त्यातून वळेना. मग मंडळी मुकाट्याने मागच्या जिन्याकडे गेली. तिथे वाटेत एक काडी नव्हती, कारण कुसुमने ती कधी पडूच दिली नव्हती. त्या जिन्यावरून तिला इतकी वर्षं नावं ठेवणाऱ्यांच्याच खांद्यावरून ती सरळ खाली उतरली... आणि तेराव्याचं गोड जेवण पुरतं जिरायच्या आत त्याच जिन्यावर सरपणाच्या मोळ्या येऊन पडल्या. मला रडू फुटायच्या आधी संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

कुसुम मालवणकडची. लग्न होऊन या इमारतीत आली, तेव्हा इमारत नवी होती. मालकाने आग लागली तर असावी म्हणून प्रत्येक मजल्यावर वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या, आणि मागे दगडी पायऱ्यांचा दुसरा जिना, थेट परसात उघडणारा. आता जिना कुणा एकाचा नाही, म्हणजे तो माझा, असा आपल्याकडे कायदाच आहे. मे महिना संपत आला की पावसाळ्याची बेगमी तिथे चढायची: कोळशाची पोती, लाकडं, मोडक्या खाटा, कुणाचा पाळणा. वाळूची तर आणखी मजा. दिवाळी आली की आमच्या बायका बादलीतली वाळू काढून तीत चिवड्याचे शेंगदाणे भाजायच्या. बारीक, स्वच्छ वाळू, बाजारात जायला नको! शेंगदाणे खमंग व्हायचे आणि बादल्या रिकाम्या. एका वर्षी कुसुमने सगळ्या बादल्या गटाराच्या काठच्या वाळूने भरल्या आणि सकाळी नळावर उभी राहून तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं. त्या दिवाळीत फराळाला नाकं मुरडली गेली, पण बादल्या भरलेल्या राहिल्या.

ती भांडायची हो, खोटं कशाला बोलू? जिन्यावर पोतं दिसलं की ज्याचं त्याच्या दारात नेऊन आपटायची. अण्णा बिचारे हात जोडायचे, म्हणायचे, अगं, चार माणसांत राहायचंय आपल्याला. तिचं एकच, चार माणसांत राहायचंय म्हणूनच तर! मीही तिला चिडवायची, पुढच्या जन्मी तू आगीच्या बंबाची घंटा होणार. यावर ती खो खो हसायची. पण लोकांचा एक प्रश्न तिला अजिबात खपायचा नाही. माहेरी कोणी जळून गेलं होतं का, म्हणून इतकी धास्ती? दुसऱ्या मजल्यावरच्या तात्यांनी एकदा सगळ्यांसमोर तेच विचारलं. आमच्या इमारतीचे ते स्वयंभू पुढारी. कुसुम संतापली की मालवणीत शिरायची.

"तुमका कळाक कोणी जळाक व्हया काय?"

कळायला कुणी जळायलाच हवं का, हा तिचा सवाल तात्यांच्या डोक्यात शिरला नाही; हे बाईचं खूळ आहे, हे त्यांचं मत काही बदललं नाही.

मग एका दुपारी पहिल्या मजल्यावर, पुढच्या जिन्याला लागून असलेल्या खोलीत स्टोव्ह भडकला. पडदा पेटला, शेजारी रॉकेलचा डबा. बघता बघता पुढच्या जिन्यात धुराचा लोट भरला. पुरुषमाणसं कामावर. एकजण पाण्याची कळशी घेऊन धावली, तिचा हात कुसुमने धरला. रॉकेलवर पाणी ओतू नका, वाळू आणा, असं ओरडत तिने बादल्या रिकाम्या केल्या. वरचे आम्ही सगळे मागच्या जिन्याने उतरलो. एक ओली बाळंतीण होती. तात्यांच्या म्हाताऱ्या आईला तर आम्ही खुर्चीत बसवून उतरवलं. बंब येईपर्यंत आग विझली होती. कुणाला साधा फोडही आला नाही.

आणि इथेच कुसुमची वाट लागली. कारण कुणी मेलं नाही ना! दुसऱ्याच दिवशी लोक म्हणू लागले, एवढं काही नव्हतंच, एक पडदा तर जळला, उगाच बाईने आकांत केला. मला अजून कळत नाही, पडदाच का जळला, हा प्रश्न एकालाही पडू नये? माणसं जळाली असती तर तिच्या नावाने सभा भरवली असती. माणसं वाचली, म्हणून ती वेडी ठरली. मी चिडून हे तिला बोलून दाखवलं. "वत्सला, जिवंत आहेत म्हणून नावं ठेवतायत गं. ठेवू देत," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडत बसली.

आता ती नाही. मोळ्यांच्या मागोमाग गेल्या आठवड्यात तात्यांनी मागच्या जिन्याच्या परसातल्या दाराला कुलूपही घातलं. चोर येतात म्हणे. मी किल्ली मागितली, तर म्हणाले, आग लागली की देऊ. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी आधी मोळ्या ज्यांच्या त्यांच्या दारात नेऊन टाकल्या. मग कुलूप फोडायला काही मिळतं का शोधत होते, तेवढ्यात अण्णा घरातून बाहेर आले. जन्मात कुणाशी वर मान करून न बोललेला हा माणूस, दोन्ही हातांत वरवंटा घेऊन.

"घ्या," ते म्हणाले, "तिचाच आहे."

कुलूप फुटलं. तात्या तरातरा खाली आले, कुणी फोडलं म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, मी. नवं घाला, तेही फोडीन. त्यांनी घातलं, मी फोडलं. तिसरं अजून आलेलं नाही. येईल, मला ठाऊक आहे. वरवंटा दाराशीच ठेवलाय. अण्णांच्या घरी आता चटणी कशाने वाटतात, हे मी विचारलेलं नाही. आणि वरवंटा परत द्या, असं तेही म्हणाले नाहीत.