बाबांच्या सायकलचं डावं पेडल

गेल्या महिन्यात बाबांची सायकल खोलली. साखरखेर्ड्याला, घरच्या अंगणात, पोतं अंथरून.

जुन्या सायकली खोलून पुन्हा जोडायचा मला नाद आहे. बुलढाण्याच्या माझ्या गॅलरीत आत्ताही दोन उभ्या आहेत. बाबांनी मात्र त्यांच्या सायकलला कधी हात लावू दिला नव्हता... या वेळी काय वाटलं कोण जाणे, कर काय करायचं ते, म्हणाले.

बाबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कॅरियरला फावडं बांधून रोज कालव्याच्या काठाने जायचे. तीच ही चोवीस इंची काळी सायकल. रॉडचे ब्रेक, दोन पायांचं जड स्टँड. आता ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी सायकल घेऊन बाजाराजवळच्या निंबाखाली जातात, तिथे त्यांचे सोबती बसतात.

खोलताना काही गोष्टी दिसल्या. दोन्ही पेडल जाम. चेन गंजून ताठ झालेली. सीटच्या स्प्रिंगांमध्ये कोळ्याचं जाळं. टायर मात्र झिजलेले, आणि हँडलची डावी मूठ पार गुळगुळीत... एवढी जड सायकल बाबा कशी चालवत असतील, असं मला वाटलं. बाकी काही वाटलं नाही.

मग दोन दिवस कामच केलं. छर्रे डिझेलमध्ये धुतले, नवीन ग्रीस भरलं. चेन नवी, पेडलं नवी, टायर नवे, अ‍ॅल्युमिनियमच्या रिम. रॉडचे ब्रेक काढून वायरचे लावले, त्यासाठी हँडलही बदललं. कॅरियर, चेनकव्हर, मागचं स्टँड सगळं उतरवलं आणि बाजूला एक छोटं स्टँड बसवलं. शेजारी सोयाबीन मोजायचा काटा आहे, त्यावर आधी आणि नंतर वजन केलं. आठ किलो कमी.

फोटो इथेच टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कौतुक केलं. बाबांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. हलकी झाली, एवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी गेले तर सायकल भिंतीला टेकलेली. टायरला नवेपणाची रेघ तशीच. संध्याकाळ झाली, बाबा खाटेवरच. मी विचारलं, तर म्हणाले, आज कंटाळा आला. निंबाखालचे सोबती शेषरावकाका का येत नाही म्हणून विचारून गेले, त्यांनाही तेच सांगितलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. बाबांना सायकल आवडली नाही का, असं विचारलं. ती तव्याकडे बघतच बोलली.

"पोळ्यापासून बसले नाहीत ते सायकलवर. गुडघा वाकत नाही त्याहिचा."

मग रोज कशी नेतात?

"हातात धरून. काठी घे म्हटलं, तर म्हणते लोक इचारतीन काय झालं म्हणून. सायकल हातात असली की कोणी नाही इचारत."

पुढचं तिनेच सांगितलं. मी सायकल करून गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा निघाले होते. हलकी सायकल भाराने डुगडुगायला लागली. टपरीपाशी दम घ्यायला उभे राहिले, नेहमीसारखे सीटवर रेलले... आणि बाजूच्या स्टँडवरून सायकल कलंडली. सोबत बाबाही. टपरीवरच्या दोघांनी उचलून घरी आणलं. लागलं फारसं नाही. पण त्या दिवसापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

मला झिजलेली मूठ आठवली. बाबा सायकलच्या डाव्या बाजूने चालत असणार.

जुने भाग मी भंगारात घातले नव्हते, तेवढं बरं केलं. न्हाणीमागे खताच्या पोत्यात सगळं होतं. रविवारी सकाळी पुन्हा पोतं अंथरलं. जुनं हँडल, रॉडचे ब्रेक, रबर तेवढे नवे. रॉडच्या ब्रेकला लागतात म्हणून जुन्या लोखंडी रिम. कॅरियर आणि दोन पायांचं स्टँड. कॅरियरवर फावड्याऐवजी एक चपटा दगड बांधायचाही विचार आला होता, पण ते दिसलं असतं... नाही बांधला.

बाबा खाटेवरून पाहत होते.

शेवटी मी बाबांसारखी डाव्या बाजूने सायकल धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. दर चार पावलांनी पेडल नडगीवर आपटत होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पान्हा लावला आणि ते काढून टाकलं.

सायकल बाबांपुढे उभी केली. त्यांनी सीटवर हात ठेवून भार दिला. हलली नाही. मग खाली पाहिलं.

"हे पेडल कुठी गेलं?"

"आटे गेले होते बाबा. या मापाचं बुलढाण्याला पाहावं लागेल."

त्यांनी सीटवर एक थाप मारली.

"पाह्य मग," म्हणाले. "घाई नाही."

त्या संध्याकाळी ते निघाले. मी थोडं अंतर ठेवून मागे गेले, दूध आणायचं निमित्त होतं. निंबाखालून शेषरावकाकांनी हाक मारली.

"काऊन रे किसन, सायकल नवी केली तरी पायीच?"

बाबांनी सावकाश स्टँड लावलं. "पेडल नाही ना तिले. पोरगी आणून राह्यली बुलढाण्याहून."

"पोरीनं रिपेर केली का बिघडवली?"

"शिकून राह्यली अजून," बाबा म्हणाले, आणि बसले.

याला तीन आठवडे झाले. बाबा रोज जातात. पेडल माझ्या बॅगेत आहे, त्याचे आटे चांगले आहेत. आजवर बऱ्याच सायकली पूर्ण केल्या, ही एक अपुरी ठेवली आहे.

बाबा फेसबुकवर नाहीत, म्हणून लिहिते आहे. साखरखेर्ड्याचं कोणी वाचत असेल तर एकच विनंती... त्यांना पेडल आणून देऊ नका.