पिस्टनचे खड्डे आणि सावेसाहेबांचं ड्रॉईंग

“मॅडम, ड्रॉईंग अप्रूव्ड आहे. तुम्ही फक्त कापा,” सावेसाहेब म्हणाले.

“कोणी अप्रूव्ह केलं?”

“मी.”

“आणि बनवलं?”

“मीच.”

सावेसाहेब पालघरच्या एका स्पेअर पार्ट डीलरचे टेक्निकल हेड. तसं त्यांच्या कार्डावर होतं. मी बोईसरच्या एमआयडीसीत एका मशिनशॉपची इंजिनीअर. समोर टेबलावर जनूकाकांच्या बोटीच्या डिझेल इंजिनाचे नवे पिस्टन होते.

या इंजिनात पिस्टन अगदी वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह पुरते मिटलेले नसतात. दोघांची टक्कर होऊ नये म्हणून पिस्टनच्या माथ्यावर उथळ खड्डे असतात. त्यांना व्हॉल्व्ह पॉकेट म्हणतात. जुन्या पिस्टनचा चुरा झाला होता, आणि साहेबांनी विकलेल्या नव्यांचे माथे सपाट होते. म्हणून खड्डे आम्ही पाडायचे.

हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मोठा, धूर सोडणारा लहान. साहेबांनी इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेलं वरचं झाकण, टेबलावर उलटं ठेवून मापं घेतली आणि ती तशीच ड्रॉईंगवर उतरवली होती. मला शंका आली. उताणा तळहात उपडा केला की अंगठा दुसऱ्या बाजूला जातो, तसंच इथे झालं असणार. मोठा खड्डा लहान व्हॉल्व्हखाली येणार, आणि मोठा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणार.

आमचे शेठ म्हणाले, “कस्टमरनं दिलंय तसं कापा. तुटलं तर त्यांचं तुटेल.”

कोपऱ्यातल्या स्टुलावरून जनूकाका शांतपणे म्हणाले, “त्यांचा नाय शेठ, माजा तुटंल. भर समुद्रात.”

मासेमारीची पावसाळी बंदी उठायला आली होती. शेजारच्या बोटींवर बर्फ चढवायची तयारी चालली होती. काकांचं इंजिन खोललेलं.

मी कापायला नकार दिला आणि सगळ्यांना घेऊन काकांचं इंजिन होतं त्या बंदरावरच्या शेडमध्ये गेले. सपाट पिस्टन इंजिनात बसवून अगदी वर आणला, माथ्याला मार्किंगची निळी शाई फासली. वर हेड ठेवून बोल्ट लावले आणि स्प्रिंगा काढलेले व्हॉल्व्ह हातानं हलकेच खाली टेकवले. हेड उचललं. शाईत दोन गोल उमटले होते. मोठा गोल बरोबर ड्रॉईंगच्या उलट्या बाजूला.

साहेबांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, “हेड उलटं बसलं असेल.”

“ते एकाच बाजूनं बसतं, साहेब. बोल्टची भोकं बघा.”

“मग इंजिन उलटं असेल.”

“आनि बोट?” काकांनी विचारलं. “ती पन उलटीच बांदली काय आमी?”

साहेबांनी मोबाईल काढून त्या गोलांचे फोटो घेतले.

सकाळी सुधारित ड्रॉईंग आलं. खाली लिहिलं होतं, ‘प्रत्यक्ष पाहणीत टेक्निकल हेडच्या लक्षात आलेल्या त्रुटीनुसार.’ मी ते शाईच्या खुणांशी ताडून पाहिलं आणि पॉकेट कापले. इंजिन आधी हातानं फिरवलं. कुठे अडलं नाही. चालू केलं, एकसुरात धडधडलं. बंदी उठली तेव्हा काकांची बोट इतरांबरोबर बाहेर पडली.

डीलरच्या वार्षिक मेळाव्यात त्रुटी हेरल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. शेठनी हार आमच्या शॉपतर्फे पाठवला.

कापलेलं ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही. ड्रॉईंग मात्र कितीही वेळा सुधारता येतं, आणि दर वेळी ते साहेबांनीच सुधारलेलं असतं.