मी जिला माफ केलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये नाही, राजापेठेतल्या ज्या टपरीवर मी रोज संध्याकाळी अर्धा कप चहावर दीड तास बोलतो, तिथेही नाही. आणि माझ्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. माझी कुठलीही फजिती दुसऱ्या दिवसापर्यंत शिळी होत नाही, मीच ती वाटत फिरतो. मावसभावाच्या लग्नात भलत्याच वरातीत शिरून अर्धा तास नाचलो, ते कोणी पाहिलं नव्हतं. मीच सांगितलं. मग ही एकच का राहिली? — कारण हिच्यात हसायला जागा नाही. मी शोधली, राजेहो. सहा वर्षं शोधून राहिलो.

आधी मी रोबोटिक्सचा मेंटर कसा झालो ते सांगतो. (हे सांगताना मी मूळ गोष्टीपासून पळतोय, हे तुमच्या लक्षात येईलच. पळू द्या थोडं.) आमच्या अमरावतीच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. एकदा मुख्याध्यापकांचा प्रोजेक्टर ऐन पालकसभेत बंद पडला. मी जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं. तो सुरू झाला. त्या एका बटणावर मी शाळेतला तंत्रज्ञ ठरलो, आणि पुढच्या वर्षी रोबोचं सामान आलं तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला त्यातलं काही येत नव्हतं. पण नाही म्हणायला जी हिंमत लागते, ती माझ्याकडे तेव्हाही नव्हती.

मुलं मात्र शिकली. त्यांनीच मला शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. चौघांचा संघ. त्यातली दोघं चाकं आणि सांगाडा पाहायची. अथर्व प्रोग्राम लिहायचा — हुशार, आणि तोंडानं फटकळ. आणि वायरिंग होतं कल्याणीकडे.

कल्याणी नववीत होती. घर धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावात. वडिलांचा फुलांचा आणि भाजीचा मळा, तिथला झेंडू पहाटे तोडून सकाळच्या गाडीनं बाहेर जायचा. ती शाळेसाठी राजापेठेत मावशीकडे राहायची. तिच्या बोटांत काय होतं कोण जाणे. आम्ही चिमट्यानं पकडायचो ती वायर ती नुसत्या नखानं बसवायची. रोबोच्या पोटाखाली दोन डोळे असतात — सेन्सर म्हणतात त्यांना — ते जमिनीवरची काळी पट्टी पाहून रोबोला डावं-उजवं सांगतात. दोघांच्या वायरी दिसायला अगदी सारख्या. म्हणून कल्याणीनं मावशीची नेलपॉलिश आणली आणि डाव्या वायरीवर एक लाल ठिपका दिला, वायर जिथे खोचायची त्या डाव्या खाचेवर दुसरा. ठिपक्याला ठिपका. मी तेव्हा सगळ्या शाळेला ते दाखवत फिरलो होतो. माझीच कल्पना असल्यासारखा, अर्थात.

आता नियम ऐका, कारण सगळं त्या नियमावर आहे. स्पर्धेत रोबोला हात फक्त मुलांनी लावायचा. मेंटरनं लावला तर संघ बाद. आमच्याकडे तर म्हणच होती — 'मेंटरचे हात खिशात.' मी मुलांसमोर खरोखर खिशात हात घालून उभा राहायचो आणि लांबूनच हनुवटीनं सांगायचो. अथर्व माझी नक्कल करायचा. मीही हसायचो.

विभागाची स्पर्धा अकोल्याला होती. एका कॉलेजच्या सभागृहात मोठी पांढरी चटई अंथरलेली, तिच्यावर काळी पट्टी, आणि पट्टीच्या कडेनं खोटी झाडं. झाडांवर नारिंगी आणि हिरवे चेंडू टांगलेले. रोबोनं पट्टी धरून जायचं, पिकलेली संत्री तोडायची, कच्ची ठेवायची. आमच्या भागातल्या पोरांना ह्यापेक्षा सोपं काय असणार? सकाळच्या फेरीत आमचा रोबो असा गेला, की शेजारच्या संघाचे मेंटरही टाळ्या वाजवायला लागले. पहिला नंबर. दुपारची एक फेरी नीट झाली की राज्यस्तर.

आणि कल्याणीसाठी ती फेरी नुसती फेरी नव्हती. तिच्या वडिलांचं म्हणणं होतं की दहावीला पोरगी घरी बरी. तिनं हट्ट धरला, तेव्हा ते शाळेत येऊन मला म्हणाले होते, "सर, मले यातलं काई समजत नाही. तिले हे जमत असन त राहू द्या तिले इथं. तुमी म्हनान तसं." म्हणजे तिचं अमरावतीला राहणं हे माझ्या शब्दावर होतं. मला फार मोठं वाटलं होतं तेव्हा.

जेवणाच्या सुट्टीत मुलं डबे घेऊन बाहेर गेली. जायच्या आधी कल्याणीनं सेन्सर पुसले, त्यासाठी वायरी काढल्या, पुन्हा लावल्या. मी पाहत होतो. बरोबर लावल्या. रोबोजवळ राखण म्हणून मी थांबलो.

आता सांगतो.

मला फोटो काढायचा होता. बस, एवढंच. मी आणि रोबो, मागे स्पर्धेचा फलक — निकाल लागला की शाळेच्या ग्रुपवर टाकायचा. फोन समोर धरला, तर रोबोच्या कडेनं त्या दोन वायरी लोंबत होत्या. वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. फोटोत कसं दिसलं असतं ते? मी इकडेतिकडे पाहिलं. हात खिशातून काढले. वायरी उपटल्या, रोबोच्या खालून नीट फिरवल्या, रबरानं बांधल्या आणि परत खोचल्या. फोटो काढला. चांगला आला. मी पोट आत घेतलं होतं.

ठिपके? — मी पाहिले नाहीत. ज्या ठिपक्यांचं कौतुक मी गावभर सांगितलं, ते मी पाहिले नाहीत.

दुपारी सरावाला वेळ नसतो. थेट चटईवर. अथर्वनं बटण दाबलं, रोबो दोन वीत सरळ गेला, पहिलं वळण आलं, आणि तो पट्टी सोडून उलट्या बाजूला वळला. जणू त्याला पट्टीची शिसारी आली होती. पुन्हा ठेवला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तो एका झाडावर चढला आणि आडवा झाला. लोक हसले. आम्ही पार तळाला गेलो.

टेबलावर आल्यावर अथर्वनं रोबो उलटा केला आणि म्हणाला की वायरी अदलाबदल झाल्यात. डावी उजवीत, उजवी डावीत. मग तो कल्याणीकडे वळला. "हिले काहून दिली सर वायरिंग? मी म्हनलं होतं ना."

कल्याणीनं रोबो हातात घेतला. लाल ठिपका एकीकडे, दुसरा लाल ठिपका दुसरीकडे. वायरींना रबर बांधलेलं होतं — तेही तिनं पाहिलं, बोटानं चाचपलं. घाईत संघातल्याच कोणी बांधलं असेल, असं तिला वाटलं असावं, विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी खूण पाहूनच लावल्या होत्या, सर."

आणि माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही हो. संशयानं पाहिलं असतं तर मी बोललोही असतो कदाचित. तिनं असं पाहिलं की, सर सांगतील आता काय झालं ते.

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, बेटा."

तुम्ही म्हणाल, संघ बाद झाला असता म्हणून गप्प राहिलात. मीही स्वतःला तेच सांगितलं. हे कारण मला पाचेक मिनिटं पुरलं. फलकावर गुण लागले, आमचं नाव खालून दुसरं होतं. बाद व्हायला शिल्लक काय होतं? बोललो असतो तर नुकसान एकाच माणसाचं होतं, आणि त्या माणसावर माझा फार जीव आहे.

परतीच्या बसमध्ये मुलं पेंगली. कल्याणी जागी होती. खिडकीला डोकं लावून बोटांनी हवेतच काहीतरी काढायची, लावायची. डावी, उजवी. पुन्हा डावी. मी तिच्या मागच्या सीटवर होतो. मूर्तिजापूर येईपर्यंत मी फोन काढून तो फोटो मोठा करून पाहिला. ठिपका स्पष्ट दिसत होता, चुकीच्या जागी. फोटो काढल्याची वेळही होती — तेव्हा ती बाहेर डबा खात होती. म्हणजे पुरावा माझ्या हातात होता, तिला सोडवणारा. मी तो पुसून टाकला. मग पुसलेले फोटो जिथे जाऊन पडतात तिथे जाऊन तिथूनही पुसला. मला तंत्रज्ञानातलं काही येत नाही असं मी म्हटलं ना — एवढं येत होतं.

सोमवारी मी मुलांना प्रयोगशाळेत बसवलं आणि भाषण दिलं. मला भाषण छान जमतं. संघ म्हणजे काय, चूक ही शिडी कशी असते, एकाचं चुकलं की चौघांनी उचलायचं. अथर्वला सगळ्यांसमोर दटावलं, की मित्राकडे बोट दाखवायचं नसतं. आणि शेवटी म्हणालो — हे शब्द मी पुष्कळदा विसरायचा प्रयत्न केला — "आपण सगळे कल्याणीला माफ करतो." टाळ्या वाजवायला लावल्या मी. ती उभी राहून रडली. दारात मुख्याध्यापक उभे होते. नंतर म्हणाले, मेंटर असावा तर असा.

मी 'सर, कसचं काय' म्हणालो.

कोण कोणाला माफ करत होतं, सांगा?

इथे थांबलो असतो तरी मी बरा माणूस नसतो, पण जरा कमी वाईट असतो. शनिवारी तिचे वडील आले. पांढरी टोपी हातात, पायांना मळ्यातली माती तशीच. शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले, बाजूला कल्याणी. घरी तिनं सगळं सांगितलं होतं, स्वतःवर घेऊन. तरी त्या माणसाला पोरीबद्दल काहीतरी खात्री असावी. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, तुमी तिथं होते. खरं सांगा. तिच्याच हातून झालं काय ते?"

सरळ प्रश्न. माझ्यापुढे दुसरं कोणी नव्हतं. स्पर्धा संपलेली, बाद व्हायची भीती नाही, मुख्याध्यापक गावाला गेलेले. फक्त एक बाप आणि त्याची पोरगी. 'नाही' — दोन अक्षरं.

मी म्हणालो, "हो, तिच्याच हातून. पण लहान आहे अजून. घाई करते थोडी."

'घाई करते' हे कोणी विचारलं होतं? ते मी वरून घातलं. खोटं खरं वाटावं म्हणून त्याला थोडी फोडणी. कल्याणीनं आयुष्यात कशाची घाई केली नव्हती. तिनं मान वर करून पाहिलं, एकदाच, आणि खाली घातली. मला वाटतं, त्या क्षणी तिनं ते खरं मानलं. सर म्हणतात म्हणजे असेल.

वडिलांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मंग राहू द्या सर. नाही झेपत तिले त उगाच कायले." दहावी तिनं गावाकडून केली. मावशीकडचं तिचं सामान एका पिशवीत मावलं, असं नंतर कोणी तरी सांगितलं. पुढच्या वर्षी वायरिंगला दुसरी मुलगी आली, आणि मी तिला ठिपक्यांची युक्ती शिकवली.

मागच्या हिवाळ्यात एका कामानं धामणगावला गेलो होतो. परतीच्या गाडीला उशीर होता. फलाटावर फुलांच्या करंड्या घेऊन काही बाया उभ्या होत्या, त्यांच्यातून एक मुलगी पुढे आली आणि वाकून नमस्कार केला. ओळखायला मला वेळ लागला. उंच झाली होती, आवाज तोच. बी.ए. बाहेरून करते म्हणाली, मळा पाहते. सोबतच्या बाईला तिनं सांगितलं, हे आमचे सर, माझ्या हातून एवढं झालं तरी एका शब्दानं चिडले नाहीत.

मी मळ्याचं विचारलं. ठिबक बसवलंय, ती म्हणाली, पेटीत वेळ लावून दिली की पाणी आपोआप सुटतं. मी म्हटलं, मग ते तूच लावलं असशील. नाही म्हणाली. वायरीचं काम असलं की ती बाजूच्या गावातून माणूस बोलावते. ते सांगताना ती ओशाळून हसली.

मग म्हणाली, "सर, एक विचारू? मी लय आठवून पाहते. मले आठवते ते असं, की ठिपक्याले ठिपका लावला होता मी. तुमी तर तिथंच होते. तुमाले काय दिसलं?"

गाडीचा अजून पत्ता नव्हता. करंड्यांवर ओलं फडकं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. सहा वर्षांनी ती अजून तिथेच होती, त्या टेबलापाशी, आणि पुन्हा मलाच विचारत होती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "विसर ते आता, बेटा. चुका सगळ्यांच्याच हातून होतात."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं गाडी आली, आणि कल्याणीला दुसऱ्यांदा माफ करून मी गाडीत चढलो.